शेजारणीच्या आईची पालेभाजी

दारावर कागद चिकटवलेला होता. कॉरिडॉरमध्ये स्वयंपाकाचा उग्र वास येत असल्याची तक्रार आली आहे, तक्रार निकालात निघेपर्यंत आपल्या भाडेकराराचं नूतनीकरण थांबवण्यात येत आहे, असं इंग्रजीत. खाली बिल्डिंग ऑफिसचा शिक्का. लावणाऱ्याने चारही कोपऱ्यांना टेप मारली होती, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला नीट वाचता यावं.

अल बर्शातल्या या इमारतीत आम्ही चौदा वर्षं राहतो. चौदा वर्षांत आमच्या नावाने ऑफिसात एक कागद नाही. वास सुकटीचा होता, हे मी नाकारत नाही. भांडुपहून आणलेली सुकट त्या रविवारी भाजली होती. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, दाराच्या फटीला ओला टॉवेल. याहून जास्त काळजी कोण घेतं?

तक्रार कोणी केली, ते वॉचमनने न विचारता सांगितलं. समोरची टीचर.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक अमेरिकन बाई राहते, चाळिशीची, एकटी, जवळच्या शाळेत शिकवते. दोन दिवाळ्यांना मी तिला फराळाचं ताट नेऊन दिलं होतं. तिने दारातच उभं राहून चकली मोडली होती आणि चकलीचं नाव विचारून घेतलं होतं. माझ्या दारापासून तिचं दार सहा पावलांवर. तेवढं चालून, दार वाजवून, ‘ताई, आज वास फार येतोय’ असं म्हणायला काय हरकत होती? मी चार शब्द ऐकवले असते, तिनेही ऐकवले असते, विषय संपला असता. तिने ईमेल लिहिला.

मी तेविसाव्या वर्षी या आखाती देशात आले ती एका दुकानात काउंटरवर उभी राहायला. आज शारजा औद्योगिक क्षेत्रात माझं खोक्यांचं गोदाम आहे. भाजीवाल्यांना, बेकरीवाल्यांना, स्पेअरपार्टवाल्यांना मी पुठ्ठ्याची खोकी पुरवते. तिथे माझ्याशी भांडायचं तर लोक माझ्या टेबलासमोर येऊन भांडतात. ओरडतात, मीही ओरडते, मग कोणीतरी सुलेमानी चहा मागवतं. माझ्या पाठीमागे लिहून कळवलेलं मला चालत नाही.

प्रश्न रागाचा असता तर मी तो सहा महिने पोसला असता, मला सवय आहे. पण मुलीच्या व्हिसाच्या नूतनीकरणाला घराचा नवा करार लागत होता आणि हातात पाच आठवडे होते. मी ऑफिसात गेले. काउंटरवरचा तरुण मॅनेजर नम्र होता, आणि नम्र माणसाशी भांडता येत नाही.

“मॅडम, मेरे हाथ में कुछ नहीं. जिसने कंप्लेंट किया, वो लिखके वापस ले ले, बस. खलास.”

“और वापस नहीं लिया तो?”

“फिर हेड ऑफिस देखेगा. इन्शाल्ला हो जाएगा.”

इन्शाल्लाचा अर्थ इतक्या वर्षांत मला कळायला लागला आहे. पाच आठवड्यांत होणार नाही, असा तो होता.

घरी मुलगी म्हणाली, “आई, जस्ट गो अँड से सॉरी. इट्स नॉट अ बिग डील.”

“सॉरी कशाबद्दल?”

“फॉर द स्मेल.”

“त्या वासावर तू लहानाची मोठी झालीस.”

“दॅट्स नॉट अ लीगल आर्ग्युमेंट,” ती म्हणाली आणि कानात इअरफोन घातले.

सॉरी म्हणायला जायचं नाही, हे मी ठरवून टाकलं. ज्याला गरज आहे त्याने आधी तोंड उघडलं की त्याचा भाव पडतो, हे मला खोक्यांच्या धंद्याने शिकवलं. मी वाट बघत बसले.

दहाव्या दिवशी संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर पडले आणि कॉरिडॉरमध्ये वास. उकडलेल्या कोबीचा, तोही आदल्या दिवशी उकडून विसरलेल्या कोबीचा. वास टीचरच्या दारातून येत होता. माझ्या अंगात एकदम हुशारी आली. घरात शिरून चपला काढायच्या आधी फोन काढला आणि ऑफिसला ईमेल लिहायला लागले. ‘उग्र’ला इंग्रजीत त्यांनी वापरलेलाच शब्द वापरला.

नवरा सोफ्यावर होता. तो फार बोलत नाही. म्हणाला, “आधी दार वाजव.”

“का?”

“दहा दिवस तू हेच म्हणते आहेस, की तिने दार वाजवायला हवं होतं.”

त्याच्यावर चिडायला काही सापडेना. मी ईमेल तसाच ठेवला आणि सहा पावलं चालले.

टीचरने दार उघडलं. हातात डाव, डोळे लाल. तिच्यामागे डायनिंग टेबलाशी एक म्हातारी बसली होती, खुर्चीला वॉकर टेकवलेला. समोर प्लेटमध्ये हिरवंकाळं काहीतरी होतं आणि तिने ती प्लेट लांब सरकवून ठेवली होती. मी काय बोलायला आले होते ते बोलूही शकले नाही, कारण टीचरच आधी म्हणाली, “आय नो. वास येतोय. सॉरी.”

मग उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं. ही तिची आई. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावातली. कमरेच्या हाडाचं ऑपरेशन झालं, तिकडे बघायला कोणी नाही, म्हणून टीचरने तिला तीन महिन्यांसाठी इथे आणलं. आल्यापासून ती दोन घास खाऊन उठते. डॉक्टरांनी सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर पुन्हा भरती करावं लागेल. म्हातारीला तिच्या गावच्या पद्धतीची पालेभाजी हवी होती. टीचरने सुपरमार्केटमधून केल आणली, पालक आणला, आज कोबीची बाहेरची पानं उकडली.

“ही ती पानं नाहीत,” म्हातारी आतून म्हणाली. “मी आठ दिवस सांगतेय.”

“कशी असतात?” मी विचारलं.

तिने दोन्ही हात पसरून पान दाखवलं. परातीएवढं, जाड, देठ बोटाएवढा. आणि शिजवायला दोन-तीन तास. शेवटी भांड्यात जे पाणी उरतं ते सगळ्यात महत्त्वाचं, ते प्यायचं.

मला दया आली का? आली. पण माझ्या दयेच्या शेजारीच माझी फाइल उभी होती. मी टीचरला म्हटलं, “पानं मी शोधून आणीन. शिजवीनही मीच, माझ्या घरी, त्याच शेगडीवर. तुमच्या आईने पोटभर खाल्लं तर तुम्ही ऑफिसला लेखी कळवायचं.”

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. “तुम्हाला माहीत आहे, ते मी लिहिलं.”

“दहा दिवसांपासून.”

“आणि मामाने खाल्लं नाही तर?” आईला ती मामा म्हणत होती.

“तर तुम्ही काही लिहायचं नाही.”

“पोटभर म्हणजे किती?” म्हातारीने आतून विचारलं. ही बाई माझ्या जातकुळीची आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“एक बोल, वाडगाभर,” मी म्हटलं.

“डील,” म्हातारी म्हणाली. टीचरला कोणी विचारलंच नाही.

पानं मिळवणं अवघड गेलं नाही. घाऊक भाजीबाजारातला एक पठाण व्यापारी माझ्याकडून खोकी घेतो. त्याला फोनवर हात पसरल्यासारखं करून वर्णन केलं. तो हसला; मला तो बाजी, म्हणजे ताई म्हणतो. “बाजी, वो सुकुमा होगा. केनिया से आता है, अफ्रीकी लोग ले जाते हैं.” दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेले. जुडीचे पाच दिरहम म्हणाला, म्हणजे सव्वाशे रुपये, भाजीच्या एका जुडीला. मी चार जुड्या बारा दिरहमना घेतल्या आणि वर एक फाटकी जुडी तशीच घेतली. पानं खरंच थोराड होती, काळसर हिरवी, हातात धरली की करकरणारी. त्यांचा फोटो टीचरला पाठवला. उत्तर आलं, मामा रडतेय, हीच ती.

धुरावलेल्या डुकराच्या मांसाशिवाय ही भाजी होत नाही, असं म्हातारीचं म्हणणं. माझ्या भांड्यात ते शिजणार नाही, असं माझं म्हणणं. टीचरने मधला मार्ग काढून स्मोक्ड टर्कीची एक तंगडी आणून दिली. मला एकदा वाटलं, तंगडी राहू दे, मूठभर सुकट टाकावी आणि कोणाला सांगू नये. तसं केलं नाही. करार म्हणजे करार.

टीचरने कागदावर कृती लिहून दिली होती. तंगडी तासभर उकळा, कांदा, लसूण, लाल मिरची, मीठ, मग पानं, मग मंद आचेवर सोडून द्या. मी कागद वाचला आणि मनात म्हटलं, यांनी महत्त्वाचं लिहिलंच नाही. एवढं मोठं जाड पान म्हणजे ते खाजरं असणार. अळू आम्ही हाताला तेल लावल्याशिवाय चिरत नाही आणि चिंच घातल्याशिवाय शिजवत नाही. ऑपरेशन झालेल्या म्हातारीच्या घशाला खाज सुटली तर पत्र तर गेलंच, वर दुसरी तक्रार. मी हाताला तेल लावलं, पानं चिरली, पातेल्यात टाकली आणि लिंबाएवढ्या चिंचेचा घट्ट कोळ पहिल्याच उकळीला ओतला.

दोन तासांनी पान दाबून पाहिलं. रबर. आणखी एक तास. तसंच. पाणी घातलं, आच वाढवली. रंग मातकट झाला, पण पान काही मऊ होईना. मग धीर सुटला आणि सगळं कुकरमध्ये घालून सहा शिट्ट्या काढल्या. पानांच्या कडा विरघळल्या, शिरा आणि देठ मात्र सुतळीसारखे राहिले. चव घेतली. आंबटखारट, बरी होती. मी स्वतःची समजूत घातली की ही भाजी अशीच असणार, आणि घेऊन गेले.

म्हातारीने एक घास घेतला. बराच वेळ चावला. मग कागदी रुमालात काढून ठेवला.

“आंबट कशाला घातलंस, बेबी? तेही मऊ व्हायच्या आधी?”

पन्नाशीत मला बेबी म्हणणारी ही पहिलीच बाई. मी म्हटलं, “घसा खाजू नये म्हणून.”

“कोणाचा घसा?”

“तुमचा. मोठं पान खाजतं.”

“कोणतं मोठं पान खाजतं? सत्तर वर्षं मी हे खातेय.”

“आमच्याकडचं खाजतं.”

“मग आमच्याकडच्या पानाचा त्यात काय दोष?” ती म्हणाली. “आंबट आधी पडलं की पान शिजत नाही. उद्यापर्यंत उकळ, तसंच राहील. आंबट टेबलावर घ्यायचं, वरून.”

मला राग आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचाच आला. तुरीच्या डाळीत चिंच आधी पडली तर डाळ बोटचेपी होत नाही, हे मला दहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. आईने त्यावरून पाठीत धपाटा घातला होता. तीच चूक मी शेजारणीच्या आईसमोर केली, नुसतं पान मोठं दिसलं म्हणून. पण ते तिला सांगायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, “कृतीत चिंच घालू नका असं लिहिलं नव्हतं.”

“त्यात बूट घालू नका असंही लिहिलं नव्हतं,” म्हातारी म्हणाली.

मी पातेलं उचललं आणि निघाले. पाठीमागून टीचर, “प्लीज, रागावू नका, ती सगळ्यांशी अशीच बोलते.” मी दार आपटलं नाही, पण हळूही लावलं नाही. घरी नवऱ्याला सांगितलं, म्हातारीला उपाशी राहू दे, मी वकील करते. तो म्हणाला, “भाजी उरली आहे का? थोडी दे.” त्याने भातावर घेऊन खाल्ली आणि देठ ताटाच्या कडेला काढून ठेवले. ते मोजल्यासारखे लावून ठेवलेले बघून मी आणखी भडकले.

रात्री झोपायच्या आधीच राग अर्धा उतरला. फुकट आलेली फाटकी जुडी अजून फ्रिजमध्ये होती, ती पुरणार नव्हती. सकाळी गोदामात जायच्या आधी मी पुन्हा बाजारात गेले. पठाण म्हणाला, “बाजी, इतना कौन खाता है?” मी म्हटलं, “अजून कोणी नाही.”

या खेपेला मी टीचरचा कागद बाजूला ठेवला आणि म्हातारीलाच घेऊन आले. शनिवार होता. वॉकर टेकत टेकत सहा पावलांना तिला पाच मिनिटं लागली. तिला ओट्याजवळ खुर्ची दिली. तिने आधी माझा ओटा पाहिला, मग डब्यांची रांग पाहिली, मग म्हणाली, “स्वच्छ आहे.” जशी काही तपासणीला आली होती.

पानं तीन पाण्यांत धुवायला लावली. मी दोनदा धुतली होती. “रेती दातांखाली आली तर मी करार मोडणार,” ती म्हणाली. तिसऱ्या पाण्यात तळाला खरोखरच रेती उतरली. मग तिने देठ काढून दाखवला. पान उभं दुमडायचं, देठ एका हाताने धरायचा आणि दुसऱ्या हाताने पान ओढून घ्यायचं, कापडाची शिवण उसवावी तसं. सुरी लागतच नाही. मग पाचसहा पानं एकावर एक ठेवून गुंडाळी करायची आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या. गुंडाळी मला अळूवड्यांमुळे येत होती. माझी घट्ट गुंडाळी बघायला ती पहिल्यांदा खुर्चीतून पुढे वाकली.

“हे कोणी शिकवलं?”

“खाजणाऱ्या पानाने.”

ती हसली. दात नसल्यासारखं, आतल्या आत.

टीचरने आणलेली दुसरी तंगडी उकळून पाण्याला धुराचा वास आला होता. पानं एकदम घालू नकोस, मूठभर घाल, बसली की पुढची मूठ. मीठ कमी. चिमूटभर साखर. झाकण अर्धं. आणि आता हात लावू नकोस. मला हात न लावता बसणं जमत नाही. मी दोनदा उठले, दोनदा तिने वॉकरने माझी वाट अडवली. तेवढ्या वेळात तिने मला विचारलं, खोकी कोणाकडून घेतेस, किती दिवसांची उधारी देतेस, लोक फसवतात का. तिने तीस वर्षं तिच्या गावात रस्त्याच्या कडेला पीचची फळं विकली होती. गाडीची काच खाली करून भाव विचारणाऱ्याला ती एक भाव सांगायची आणि गाडीतून उतरून टेबलापाशी येणाऱ्याला दुसरा. “जो उतरत नाही त्याला माझ्याकडे स्वस्त मिळत नाही.”

अडीच तासांनी तिने चमच्यात एक पट्टी घेतली आणि टाळ्याला लावून दाबली. मान डोलावली. मी पाहिलं. पान रेशमासारखं मऊ होतं आणि रंग मागच्यासारखा मातकट नव्हता. टेबलावर व्हिनेगरची बाटली ठेवली. टीचरने मक्याच्या पिठाचा केकसारखा पाव भाजून आणला होता. म्हातारीने बोल भरून घेतला, वरून व्हिनेगरचे चार थेंब, आणि पाव भाजीच्या पाण्यात बुडवून खायला लागली. मी घड्याळ पाहिलं नाही, बोलकडे पाहत होते. बोल रिकामा झाला. तिने तो तोंडाला लावून तळाचं पाणी प्यायलं आणि पुन्हा पुढे केला.

टीचर उभीच होती. तोंडावर हात.

“कागद,” मी म्हटलं.

तिने तिथेच लॅपटॉप उघडला, लिहिलं आणि माझ्याकडे वळवला. ‘शेजारणीशी बोलणं झालं असून समस्या सुटली आहे. मी तक्रार मागे घेत आहे.’

“हे चालणार नाही,” मी म्हटलं.

“का?”

“समस्या सुटली म्हणजे मी सुकट भाजणं बंद केलं, असं होतं. मी बंद केलेलं नाही आणि करणार नाही.”

“पण वास होता,” टीचर म्हणाली. तिचाही आवाज आता घट्ट झाला होता. “खरंच होता. मी खोटं लिहिणार नाही.”

“खोटं लिहूच नका. वास होता, लिहा. तुम्ही माझं दार वाजवलं होतं का, तेही लिहा.”

म्हातारीने दुसऱ्या बोलवरून मान वर केली. “वाजवलं होतंस?”

“नो, मॅम.”

“फराळ आणून देणाऱ्या बाईचं दार तू वाजवलं नाहीस?”

“मामा, मी दिवसभर शाळेत भांडणं सोडवते. घरी येऊन आणखी एक भांडण नको होतं मला.”

हे तिने पहिल्यांदाच सांगितलं. ते खोटं नव्हतं. माझ्याशी भांडायचं नसणारे लोक असतात, हे मला घरातही माहीत आहे. तरी मी मागे हटले नाही. म्हटलं, “मी फक्त लेखीचं उत्तर लेखीत मागते आहे.”

तिने आधी लिहिलेलं खोडून टाकलं. मग म्हणाली, “लिहिते. पण माझीही एक अट. भाजायच्या आदल्या दिवशी मला सांगायचं. मी मामाला मॉलमध्ये घेऊन जाईन.”

“सांगीन. तोंडाने. मेसेज करणार नाही.”

“डील,” म्हातारी म्हणाली आणि पाव मागितला.

तिने लिहिलेलं मी तीनदा वाचलं, एकदा मुलीकडून वाचून घेतलं. मुलगी म्हणाली, “वाव, शी अ‍ॅक्च्युअली रोट इट.” सोमवारी प्रिंट काढून मी ऑफिसात गेले. माझ्याआधी दोघं, मागे तिघं होते. तरुण मॅनेजरने कागद घेतला, खालची सही पाहिली आणि शिक्का उचलला.

“पहले पढ़िए,” मी म्हटलं.

“मॅडम, कंप्लेंट वापस है ना? बस, हो गया.”

“पढ़िए. ज़ोर से. मैं रुकती हूँ.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि वाचायला लागला. वास होता, त्या एका दिवशी होता. शेजारणीने फ्लॅटमध्ये योग्य ती काळजी घेतलेली होती, हे मला नंतर कळलं. तिचं दार माझ्या दारासमोर आहे. तक्रार करण्याआधी मी ते वाजवायला हवं होतं, मी वाजवलं नाही, ती चूक माझी आहे. तक्रार मागे घेत आहे. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज थोडा खाली गेला. मी म्हटलं, ऐकू आलं नाही. त्याने ती ओळ पुन्हा वाचली.

मागे कोणीतरी घसा साफ केला. मॅनेजरने शिक्का मारला, कागद फाइलमध्ये लावला आणि कराराचा नवा फॉर्म काढला.

“और कुछ, मॅडम?”

“हां,” मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले. “इसमें जो किराया बढ़ाया है, वो किसलिए?”